बँजोसाठी नखाला गोंद फासू नका

"जुन्या पद्धतीचा बँजो शिकताय? पिक फेका, थिंबल फेका, नख वाढवा!" असा एक संदेश सध्या फिरतोय. त्यातले दावे थोडक्यात असे: जुने वादक फक्त उघड्या नखाने वाजवत, बोटाचं मांस तारेला लागतच नसे. थिंबल, म्हणजे नखावर बसणारं पत्र्याचं पातं, ही आजची पळवाट, अगदीच हवं तर शिंप्याचं अंगुस्तान घाला. नख टिकत नसेल तर त्यावर सुपरग्लू आणि खाण्याचा सोडा. तारा कुठल्याही चालतात, स्टीलच्या उत्तम. आणि वरून खाली ठोका मारायची ही ढब गोऱ्या नाटकवाल्यांनी शोधली.

न्यू जर्सीतल्या भाच्याने हे "मामा, बरोबर आहे का?" असं विचारत पाठवलं. तोवर त्याच्या घरात ग्लूची ट्यूब येऊन पडली होती. म्हणून हा खटाटोप.

(इथे बँजो म्हणजे अमेरिकेतला पाच तारांचा बँजो, गणपतीच्या मिरवणुकीतला बटणांचा नव्हे. त्या बटणांच्या बँजोचा पूर्वज १९१२ साली जपानमधल्या नागोयात तयार झालेला ताइशोगोतो. नावाखेरीज दोघांचा संबंध नाही.)

ग्लूपासूनच सुरुवात करतो, कारण बाकीचं अज्ञान आहे आणि हा इजा करणारा सल्ला आहे. सुपरग्लू म्हणजे सायनोअॅक्रिलेट. ते सावकाश सुकत नाही, झटक्यात घट्ट होतं आणि घट्ट होताना तापतं. सोडा टाकला की ही क्रिया आणखी वेगात होते, म्हणूनच तो टाकतात. नखाला चीर असेल तर ती उष्णता थेट खालच्या नाजूक कातडीला लागते. ओघळ पुसायला कापूस घेतलात तर आणखी पंचाईत, कारण कापसाशी हे रसायन इतकं जोरात तापतं की भाजतं. मग तो थर घासून गुळगुळीत करायचा, म्हणजे त्याची पूड नाकात. आठवड्याभरात कडा सुटतात, आत पाणी शिरतं आणि थर ओढून काढला की नखाचे वरचे पापुद्रेही सोबत निघतात. आधीचं नख पातळ होतं, आता ते कागद झालं. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. मुळापासून टोकापर्यंत नवं यायला चार-सहा महिने लागतात. तेवढा काळ बोट लुळं.

मुळात नख तुटतं का, हे कोणी बघत नाही. या वादनात तर्जनीच्या नखाची पाठ तारेवर पडते. गिटारसारखं नखाच्या टोकाने तार उचलायची नसते. मनगटातून हात खाली येतो, नख तारेवर आपटतं आणि पुढच्या तारेवर विसावतं. दुसरी तार वाजवली की बोट पहिलीवर टेकलेलं असायला हवं. नख ४-५ मिलिमीटर वाढवलं की फटका पाठीवर न बसता लांब टोकावर बसतो, टोक मागे वाकतं आणि मांस संपतं तिथेच तडकतं. म्हणजे संदेशातला "वाढवा" हाच सल्ला नख मोडतो, आणि मग तोच संदेश मोडलेल्या नखावर ग्लू सुचवतो! दीड-दोन मिलिमीटर पुरे. आकार बोटाच्या टोकासारखा गोल ठेवायचा, कोपरे नकोत. नेलकटरने चिमटू नये, त्याने पापुद्रे सुटतात. काचेची कानस किंवा ६०० नंबरचा पॉलिश पेपर एकाच दिशेने फिरवा. आंघोळ किंवा भांडी झाल्यावर लगेच वाद्य उचलू नका, भिजलेलं नख मऊ असतं. आणि झिजण्याची खूण बघायची असेल तर चौथ्या तारेकडे बघा. ती गुंडाळलेली असते, तिच्या पिळाची खाच नखावर उमटते.

आता "फक्त नख". यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने का होईना मान्य करतो. १८५५ साली बॉस्टनला ऑलिव्हर डिटसन यांनी छापलेलं टॉमस ब्रिग्ज यांचं बँजो शिक्षणाचं पुस्तक या शैलीचा पायाच मानलं जातं. त्यात तर्जनीचं नख असं स्पष्ट लिहिलंय. पण तेच वाक्य शेवटपर्यंत वाचायचे कष्ट घेतले असते तर दिसलं असतं की अंगठ्यासाठी ब्रिग्ज बोटाचा मांसल भाग सांगतात. आखूड पाचवी तार फक्त अंगठ्याची, आणि लांब तारांवरही अंगठा येतो. म्हणजे मांस तारेला लागत नव्हतं हा दावा ज्याच्या जिवावर उभा आहे, त्याच पुस्तकात तो पडतो. पुढे १८६५ मध्ये फ्रँक कॉन्व्हर्स यांच्या पुस्तकात ठोक्याच्या शैलीशेजारी गिटार पद्धतही शिकवली आहे, ती बोटांच्या टोकांनी. आतड्याच्या तारांवर उघड्या बोटांचा आवाज मऊ येतो, ठोक्यातली "टक्" कमी होते. घरात वाजवायला तो चांगला. मोठ्या सभागृहात शेवटच्या रांगेला ऐकू जाणार नाही.

त्या शेवटच्या रांगेसाठीच थिंबल. १८८० च्या दशकात फिलाडेल्फियाचे बँजो बनवणारे एस. एस. स्टुअर्ट यांच्या लेखनात या शैलीला सरळ "थिंबल वादन" म्हटलेलं आहे. जिच्यावरून शैलीचं नाव पडलं, ती वस्तू आजची पळवाट कशी?

अंगुस्तानाचा सल्ला देणाऱ्याने स्वतः घालून एक ठोका मारून बघावा. त्याची टोपी बंद असते, बोटाला तार कळत नाही, कडेला तार अटकते आणि खड्ड्यांवरून खरखरते. सतारीची नखीही नको, तिचं टोक बोटापुढे बरंच येतं. बँजोच्या थिंबलला बोटाभोवती पट्टी असते आणि नखावर पत्र्याची जीभ. ते मिळत नसेल तर पितळी फिंगरपिक (बोटात घालून तार छेडायचं पातं) उलटं घाला, म्हणजे पातं मांसावर न येता नखावर येईल. बोटाला धरणारे त्याचे दोन पंख थोडे उघडून बसवा. पात्याचं टोक नखाच्या वळणाने खाली वाकवा, बोटापुढे २-३ मिलिमीटरच ठेवा आणि कड पॉलिश करा. पहिल्या तारेवर सावकाश वीस ठोके मारा. अडकलं तर टोक आणखी वाकवा. बोटावर फिरलं तर पंख आवळा. घामाने घसरत असेल तर आतून कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावा. बँजोवर ताणलेल्या कातड्यावर ओरखडे उठत असतील तर पातं लांब आहे, कापा.

खालच्या दिशेने मारायच्या ढबीचं श्रेय गोऱ्या नाटकवाल्यांना देणं म्हणजे कहर. चेहरे काळे फासून ते ज्या आफ्रिकन गुलामांची टिंगल करत, वाद्य त्यांचंच. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियाचे डॅनियल जट्टा यांनी तिथल्या जोला लोकांचं अकोंटिंग जगापुढे आणलं. भोपळ्याचं वाद्य, तीन तारा, त्यातली एक आखूड अंगठ्याची, आणि तर्जनीच्या नखाचा खाली येणारा ठोका. त्या गोऱ्या नाटकवाल्यांपैकीच असलेल्या व्हर्जिनियाच्या जोएल स्वीनीनेही बँजो तिथल्या गुलाम आफ्रिकनांकडूनच घेतला.

राहिल्या स्टीलच्या तारा. ब्रिग्जच्या पुस्तकातली मिळवणी, पाचव्या तारेपासून पहिलीपर्यंत, डी-जी-डी-एफ शार्प-ए. आजही वापरात असलेल्या जी-सी-जी-बी-डी मिळवणीपेक्षा ती पाच अर्धस्वर खाली. तारा आतड्याच्या, ताण कमी, पडदे नाहीत, मानेत लोखंडी सळई नाही. अशा मानेवर स्टील चढवलं तर ती पुढे वाकते, तारा वर उचलल्या जातात, आणि नख आठवड्यात झिजतं. आतडं परवडत नसेल तर नायलॉन किंवा नायलगट (आतड्यासारखा आवाज देणारी कृत्रिम तार) लावा. भाच्याच्या बँजोवर स्टीलच होतं. नखाचं सगळं दुखणं तिथूनच आलेलं होतं.