बॅरिकेड नक्की कुणाचं?

'आंदोलकांनी बॅरिकेड्स तोडली' असं बातमीत वाचलं की मी दर वेळी अडखळतो. आता बॅरिकेड म्हणजे पोलिसांचं लोखंडी कुंपण, हे मलाही कळतं. पण हा शब्द जन्मला तो नेमका उलट्या बाजूने.

फ्रेंचमध्ये 'बारीक' म्हणजे पिंप. (आपलं बारीक नव्हे, चांगलं गरगरीत पिंप!) १२ मे १५८८ ला पॅरिसकरांनी माती-दगडांनी भरलेली अशी पिंपं रस्त्यांत लोटून राजाच्या सैन्याची वाट अडवली. दुसऱ्या दिवशी राजा तिसरा हेन्री शहर सोडून पळाला. पिंपावरून नाव पडलं, ते कायमचं.

जून १८४८ मधल्या, पॅरिसच्या कामगारांच्या उठावातला एक फोटो मी कितीदा तरी झूम करून पाहिलाय. वरच्या मजल्यावरून काढलेला, पॅरिसचा एक रस्ता. एकामागून एक रचलेले फरसबंदीच्या दगडांचे ढीग, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. सैन्याचा हल्ला अजून व्हायचा होता. ते ढीग पाहून पहिला विचार येतो, तोफेपुढे हे टिकणार किती?

फार नाहीच. शिवाय सैनिक शेजारच्या घरांच्या भिंती फोडून मागून यायला शिकले. मार्क्सचा साथीदार एंगल्स याने १८९५ मध्ये स्पष्टच लिहिलं, की बॅरिकेडचा खरा परिणाम मनावर होतो. समोरच्या सैनिकाचा निर्धार डळमळला तर जिंकलात, नाहीतर हरलात. मला हे शंभर टक्के पटतं. दगडांच्या त्या ढिगामुळे सैनिकाला थांबावं लागतं, आणि थांबला की पलीकडची माणसं दिसतात. त्यांच्यावर गोळी झाडायची का, हा प्रश्न तिथे सुरू होतो. जून १८४८ मध्ये सैनिक डळमळले नाहीत. हजारो माणसं मेली.

पुढे पॅरिसचा प्रशासक ओस्मान याने तिथले रस्ते रुंद केले ते बॅरिकेड उभारता येऊ नयेत म्हणून, असं सर्रास सांगतात. तेवढं एकच कारण नव्हतं. हवा, गटारं, रहदारी हेही होतंच. आणि १८७१ च्या कम्यूनमध्ये, म्हणजे पॅरिसकरांनी स्वतःचं सरकार उभारलं तेव्हा, लोकांनी बॅरिकेड्स उभारलीच. मे १९६८ मध्ये विद्यार्थ्यांनी पुन्हा रस्त्याचे दगड उपटले, मोटारी उलथवल्या.

त्या अडथळ्याला लागायचं काय? पिंपं, उलटी गाडी, पायाखालचे दगड, कुणाच्या तरी घरातलं कपाट. आजचं लोखंडी कुंपण काम संपलं की टेम्पोत चढून गोदामात जातं. ते कपाट काही घरी परत जात नसे.

१८४८ च्या बातमीत बॅरिकेड तोडणारे सैनिक असते. तोडणारे बदलले, शब्द तोच राहिला, म्हणून अडखळतो.