'रिकामटेकड्यांचा उद्योग' म्हणणाऱ्या वाचकास

भाऊ, प्राण्यांनाही त्यांच्या कमाईचं मालक मानावं, या माझ्या लेखावर 'शेतकरीपुत्र' या नावानं तुम्ही लिहिलंत: "ज्याला नोटा मोजता येत नाहीत त्याला मालक म्हणणं हा शहरातल्या रिकामटेकड्यांचा उद्योग आहे. आधी शेतकऱ्याचं पाहा. आणि वाघानं गाय मारली तर भरपाई वाघाच्या खात्यातून देणार का?"

प्राण्यांच्या कमाईतला वाटा त्यांच्याच नावानं निधीत जमा व्हावा, एवढंच मी मांडलं होतं. पटलं नसेल तर नसेल. पण 'रिकामटेकडा'? समोरासमोर बसलो असतो तर हा शब्द तुमच्या तोंडून निघाला असता का?

नोटा मोजण्याचं म्हणता ना, एखाद्या देवस्थानाच्या जमिनीचा सातबारा काढून बघा. तिथे देवाचं नाव असतं आणि वहिवाटदाराचं. देव काही तलाठ्याकडे खेटे घालत नाही. मूर्ती ही कायद्याच्या नजरेत व्यक्ती आहे, हे प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयानं, १९२५ सालीच मान्य केलंय. काल जन्मलेल्या पोराच्या नावावर शेत चढतं, अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता) म्हणून आईचं नाव लागतं. मग मोजता येण्याची अट फक्त बैलाला आणि वाघाला का? उत्तराखंड उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये प्राण्यांना कायदेशीर व्यक्ती ठरवलं आणि तिथल्या नागरिकांना त्यांचे पालक. न्यायाधीशही रिकामटेकडेच का?

नागपूरजवळच्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यातला जय वाघ आठवतो? त्याच्यासाठी जिप्सींच्या रांगा लागायच्या. गेट, रिसॉर्ट, गाइड, सगळ्यांनी त्याच्यावर कमावलं. २०१६ मध्ये तो बेपत्ता झाला, तेव्हा त्यातलं त्याच्या नावावर काहीच नव्हतं.

आणि 'शहरी' म्हणालात म्हणून सांगतो. माझं बालपण उमरेड तालुक्यात ढोरांमागे गेलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकून "आज आवतण घ्या, उद्या जेवायले या" म्हणणाऱ्या घरातला मी. जोडीतला म्हातारा बैल बाबांनी बाजारात विकला, त्या रात्री आई जेवली नाही. त्याच पैशातून माझी नागपूरच्या कॉलेजची फी भरली गेली. जन्मभर वखर ओढला त्यानं. ते पैसे कुणाचे होते, सांगा ना. हा प्रश्न मला अजून सोडत नाही, आणि तुम्ही त्याला उद्योग म्हणता!

शेतकऱ्याविरुद्ध मी एक ओळ लिहिलेली नाही. भरपाईचा विषय वेगळा, त्यात आत्ता शिरत नाही. निधीचे विश्वस्त कोण नेमणार, हिशेब कोण तपासणार, हे लेखाच्या उत्तरार्धात सविस्तर आहे. तिथवर आधी वाचा, मग बोलू.