हो, मला सिंहासन पिक्चरच जास्त आवडतो

रविवारी गंगापूर रोडला मिसळ खाताना मी सहज बोलून गेलो की सिंहासन कादंबरीपेक्षा पिक्चर भारी आहे, तर आमच्यातले दोघं माझ्याकडे असे बघायला लागले जणू मी तर्रीत साखर घातली. एक म्हणे, तू वाचलंयस तरी का? अरे वाचलंय म्हणूनच बोलतोय ना!

कादंबरी लिहिणारे अरुण साधू स्वतः पत्रकार, त्यामुळे त्यांच्याकडे माल प्रचंड. मंत्रालय, युनियन, वर्तमानपत्रं, अख्खी मुंबई. पण 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या त्यांच्या दोन्ही कादंबऱ्या वाचताना मी मधेमधे हरवायचो, हा कोण, कुठल्या गटातला, म्हणून चार पानं मागे जायचो. (माझं डोकं कमी पडलं असेल, मान्य.) विजय तेंडुलकरांनी काय केलं, तर या दोन्हींमधून एकच पटकथा काढली आणि जब्बार पटेलांनी १९७९ ला त्याचा ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर केला, आणि त्यात मला एकदाही मागे जावं लागलं नाही. अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री आणि श्रीराम लागूंचा अर्थमंत्री दाभाडे एका खोलीत आले की कोण कोणाला पाडणार हे कोणी समजावून सांगावं लागत नाही, दोघं किती गोड बोलतायत यावरूनच कळतं!

आणि निळू फुले. वाड्यावरचा पाटील म्हणून ज्याला आपण शिव्या घातल्या तोच माणूस इथे दिगू टिपणीस, साधा बातमीदार, सगळीकडे जातो, ऐकतो, गप्प बसतो. कादंबरीत दिगूच्या डोक्यात काय चाललंय ते लेखकाला लिहून सांगावं लागतं, इथे तो नुसता बघतो आणि आपल्यालाच लाज वाटते. शेवटी वेड्यासारखा हसत सुटतो तो सीन मी पहिल्यांदा बघितला त्या रात्री नीट झोप नाही लागली. ते हसू कागदावर कसं लिहिणार, सांगा.

आता याचा अर्थ पिक्चर नेहमीच जिंकतो असं मी म्हणत नाहीये हां. मिलिंद बोकिलांची 'शाळा' कादंबरी घ्या. पिक्चर छानच आहे, पण पुस्तकातली खरी मजा गोष्ट सांगणारा मुकुंद जोशी ज्या भाषेत आपल्याशी बोलतो त्यात आहे, आणि ती पडद्यावर निम्मी गळते. तिथे मी पुस्तकाच्या बाजूने. म्हणजे गोष्ट कोणाच्या डोक्यात घडते की चार माणसांच्या मधे घडते यावर आहे सगळं, असं आपलं माझं मत.

एक कबुली मात्र द्यायलाच हवी. मी पिक्चर आधी बघितला होता, त्यामुळे कादंबरी वाचताना दिगूचं नाव आलं की निळूभाऊच दिसायचे. म्हटलं आपला निकाल आधीच फिक्स असणार, म्हणून घरी येऊन बाबांना विचारलं, त्यांनी पुस्तक आधी वाचलेलं. ते पेपरातून मान वर न करता म्हणाले, "पिक्चर. पण तुझ्या मित्रांना सांगू नकोस, इथेच येऊन वाद घालत बसतील."

सांगितलं बाबा.