टीपीएम नाही म्हणून संगणक भंगारात? जरा थांबा

‘हा पीसी विंडोज ११ च्या किमान अटी पूर्ण करत नाही.’ हे वाचून तोंड पाडून बसलेल्यांसाठी ही पोस्ट आहे. पोस्ट लांब आहे, कारण या विषयावर दोन टोकांचे सल्ले फिरत असतात आणि मला दोन्ही पटत नाहीत. एक म्हणजे ‘जुना झाला, नवीन घ्या’. दुसरा, ‘काही नाही रे, रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगांच्या नोंदवहीत) एक आकडा बदल, पाच मिनिटांचं काम’. पहिला सल्ला देणाऱ्याला तुमच्या खिशाची फिकीर नसते आणि दुसऱ्याला तुमच्या पुढच्या वर्षाची.

माझं मत आधीच सांगून टाकते. सुरक्षा अपडेट बंद झालेल्या विंडोज १० वर बँकेचे व्यवहार करत बसण्यापेक्षा, अटीत न बसणाऱ्या मशीनवर विंडोज ११ चालवणं कमी धोक्याचं आहे. पण ते स्वतःच्या मशीनवर, आणि आपण काय करतोय हे माहीत असताना. दुसऱ्याच्या मशीनवर हा उद्योग करून मोकळं व्हायचं असेल तर मी त्याच्या विरोधात आहे.

आता मुद्द्यावर. विंडोज ११ ची घोषणा जून २०२१ मध्ये झाली आणि ५ ऑक्टोबर २०२१ ला ती बाहेर आली. ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा या अटी कुणालाच अडवत नव्हत्या. अडलं तीन ठिकाणी: टीपीएम २.०, सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त अधिकृत सही असलेलं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) आणि चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी. लोक तिन्हींना मिळून ‘टीपीएमचा प्रॉब्लेम’ म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. पहिल्या दोन अडचणी बऱ्याचदा सेटिंगमधून सुटतात. तिसरी सेटिंगमधून सुटत नाही, आणि माझं खरं भांडण त्या तिसरीशी आहे.

टीपीएम म्हणजे किल्ल्या ठेवायची छोटी तिजोरी. डिस्क एन्क्रिप्ट केली की तिची किल्ली यात राहते, विंडोज हॅलोचा (लॉगिनचा) पिन याच्या भरवशावर चालतो, आणि संगणक सुरू होताना मधेच कुणी काही बदललं आहे का याची नोंदही इथे होते. लोकांना वाटतं ही वेगळी चिप विकत आणून मदरबोर्डवर बसवावी लागते. २०२१ मध्ये तशी झुंबड उडालीही होती. पण इंटेलच्या चौथ्या पिढीनंतरच्या बहुतेक मशीनमध्ये पीटीटी नावाने आणि एएमडी रायझनमध्ये एफटीपीएम नावाने हे काम आतल्या आतच होतं. शिवाय जुलै २०१६ च्या अखेरीपासून विंडोज १० सोबत विकल्या जाणाऱ्या नव्या संगणकांत टीपीएम २.० चालू असलं पाहिजे, असा नियमच मायक्रोसॉफ्टने उत्पादकांना घातला होता. सुटे भाग जोडून बनवलेल्या डेस्कटॉपवर मात्र ते बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) बंद पडून असायचं. म्हणून आधी स्टार्टमध्ये ‘टीपीएम डॉट एमएससी’ (tpm.msc) टाइप करून बघा. ‘सापडलं नाही’ असं आलं तरी लगेच हार मानू नका, बायोसमध्ये जाऊन पीटीटी किंवा एफटीपीएम शोधा. उत्पादकाच्या साइटवर नवीन बायोस आहे का तेही पाहा.

बायोसला हात लावण्याआधी एक काम कराच. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद करायची विंडोजची सोय) चालू आहे का बघा, असेल तर तात्पुरतं थांबवा आणि रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवा. टीपीएमची सेटिंग बदलली की संगणक पुढच्या वेळी ४८ आकड्यांची किल्ली मागू शकतो. ती नसेल तर डिस्कवरचं सगळं गेलं म्हणून समजा. इथे कुठलाही जुगाड चालत नाही, आणि चालू नये म्हणूनच ती किल्ली असते.

सिक्युअर बूटचं थोडं वेगळं आहे. कागदोपत्री अट अशी की मशीन सिक्युअर बूटसाठी सक्षम असावं. मशीन यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होत असेल तर निम्मं काम झालं. पण जुन्या लेगसी पद्धतीने विंडोज टाकलं असेल तर डिस्कची मांडणी एमबीआर या जुन्या प्रकारची असते आणि ती आधी जीपीटी या नव्या प्रकारची करावी लागते. त्यासाठी विंडोज १० मध्येच ‘एमबीआर टू जीपीटी’ नावाचं टूल आहे, फॉरमॅट न करता बदल होतो. बॅकअप घेऊन करा, आणि क्रम चुकवू नका: आधी डिस्क बदलायची, मग बायोसमध्ये लेगसी बंद करायचं. उलट केलंत तर विंडोज सुरूच होणार नाही. तसं झालंच तर सेटिंग परत पूर्ववत करा, मशीन बिघडलेलं नसतं.

इथपर्यंत येऊन बऱ्याच जणांचा प्रश्न सुटतो आणि त्यांना पुढचं काहीच करावं लागत नाही. ज्यांचा सुटत नाही त्यांचा प्रोसेसर यादीत नसतो.

यादी ढोबळमानाने इंटेलच्या आठव्या पिढीपासून आणि एएमडी रायझन २००० मालिकेपासून सुरू होते. म्हणजे २०१७ च्या सुरुवातीला घेतलेला सातव्या पिढीचा चांगला आय सेव्हन, टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट दोन्ही असूनही, बाहेर. कारण सुरक्षेचं सांगितलं गेलं. विंडोज ११ व्हर्च्युअलायझेशन (मशीनमध्ये आभासी वेगळा कप्पा करायचं तंत्र) वापरून कर्नलचा, म्हणजे विंडोजच्या गाभ्याचा, नाजूक भाग वेगळा ठेवते. सेटिंगमध्ये ‘मेमरी इंटिग्रिटी’ दिसतं ते हेच. हे काम वेगाने व्हायला प्रोसेसरमध्ये खास सोय लागते, नाहीतर मशीन मंदावतं. मान्य. पण ती सोय इंटेलच्या सातव्या पिढीत आहे! आणि रायझन २००० मध्ये नाही, एएमडीमध्ये ती पुढच्या झेन २ रचनेच्या प्रोसेसरांपासून आली. म्हणजे सोय असलेला बाहेर आणि नसलेला आत. बरं, सातव्या पिढीला सरसकट बंदी म्हणावी, तर आय सेव्हन ७८२० एचक्यू या प्रोसेसरला नंतर यादीत घेतलं. तो मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ या संगणकात होता. आता यावर मी वेगळं काय बोलू?

कंपनीने आकडेही दिले होते. अटीत न बसणाऱ्या चाचणी मशीनवर कर्नल पातळीवरचे क्रॅश ५२ टक्के जास्त, आणि अटीत बसणाऱ्यांवर ९९.८ टक्के अनुभव क्रॅशविना. दोन्ही आकडे एकाच मापाचे धरले तर ०.२ टक्क्यांचे ०.३ होतात. म्हणजे न बसणाऱ्यांवरही साधारण ९९.७ टक्के वेळा सगळं सुरळीत! ५२ टक्के ऐकायला भयंकर वाटतं ते मुळातला आकडा शेजारी न ठेवल्यामुळे. जुन्या ड्रायव्हरांची डोकेदुखी कंपनीला नको होती, हे कारण सरळ सांगितलं असतं तर मला ते जास्त पटलं असतं.

याचा अर्थ टीपीएम थोतांड आहे असा मुळीच नाही. लॅपटॉप चोरीला गेला तर आतला डेटा वाचतो तो यामुळेच. पण चोरीला गेलेल्या लॅपटॉपची काळजी वेगळी आणि रोजच्या वापरातला धोका वेगळा. फसवी लिंक, खोटं लॉगिन पान, क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर, यांतलं काहीही टीपीएम अडवत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर सॉफ्टवेअरने विंडोजच्या एका भगदाडातून शिरून जगभरातले संगणक ओलीस धरले, तेव्हा त्या भगदाडाचा पॅच (दुरुस्ती) मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिला होता. पॅच घेतलेल्यांना त्या भगदाडातून धोका नव्हता, न घेतलेले सापडले. २०२३ मध्ये ब्लॅकलोटस नावाचं बूटकिट (विंडोजच्या आधीच सुरू होणारं घातक सॉफ्टवेअर) उघडकीला आलं. ते तर पूर्ण अपडेट असलेल्या विंडोज ११ वर, सिक्युअर बूट चालू असताना घुसत होतं, कारण दुरुस्त झालेल्या फाइलींच्या जुन्या सदोष प्रती रद्द झालेल्याच नव्हत्या. मला यातून दिसतं ते इतकंच की घरच्या वापरात चिप आहे की नाही यापेक्षा भगदाडं वेळेवर बुजवली जातात की नाही याला जास्त वजन आहे. आणि विंडोज १० ची सर्वसाधारण बुजवाबुजवी १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली.

तर पळवाट. गंमत म्हणजे पहिली पळवाट खुद्द मायक्रोसॉफ्टने आपल्या मदतीच्या पानावर दिली होती: रजिस्ट्रीत एक नोंद करायची आणि निदान टीपीएम १.२ असेल तर अपग्रेड करू द्यायचं. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये ‘टीपीएम २.० बाबत तडजोड नाही’ असं जाहीर केलं आणि ती सूचना पानावरून काढून टाकली. रूफस नावाचं टूल वापरून विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह बनवताना या तपासण्या गाळायचा पर्याय मिळतो, लोक बहुतेक तोच वापरतात. मी इथे पायऱ्या लिहीत बसत नाही, त्या सगळीकडे आहेत. फक्त आयएसओ फाइल (विंडोज टाकायची मूळ फाइल) मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून घ्या. ‘टीपीएम काढलेली हलकी विंडोज’ म्हणून कुणीतरी बनवलेली आयएसओ टेलिग्रामवरून उतरवायची आणि सुरक्षा अपडेटसाठी अपग्रेड केलं म्हणायचं, हा विनोद आहे. त्या फाइलमध्ये आणखी काय काय काढलं आणि काय घातलं, हे बनवणाऱ्यालाच ठाऊक.

टाकून झाल्यावर काय होतं, हे ‘पाच मिनिटांचं काम’वाले सांगत नाहीत. दर महिन्याचे सुरक्षा अपडेट साधारणपणे येत राहतात, पण ते देण्याचं वचन कंपनीने अशा मशीनना दिलेलं नाही. वर्षाची मोठी आवृत्ती मात्र आपोआप येत नाही. होम आणि प्रोच्या प्रत्येक आवृत्तीला २४ महिनेच अपडेट मिळतात, त्यामुळे दर वर्ष-दोन वर्षांनी नवी आयएसओ आणून तोच खटाटोप पुन्हा करायचा. नाही केला तर तुम्ही पुन्हा बिनअपडेटच्या विंडोजवर, फक्त आता स्टार्ट बटण मधोमध. शिवाय वाट कधीही बंद होऊ शकते. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीला प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट या सूचना (प्रोसेसरला कळणारे आदेश) लागतात. कोअर टू ड्युओ या जुन्या प्रोसेसरवाल्यांचा प्रवास तिथेच संपला. ही अट कागदावरची नाही, त्या सूचना प्रोसेसरमध्येच नाहीत, त्यामुळे कुठलीही रजिस्ट्री कामाला येत नाही. गेम खेळणाऱ्यांसाठी एक वेगळी गोम: व्हॅलोरंटसारखे गेम विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट स्वतःच तपासतात. विंडोजला चकवलंत तरी गेम चकत नाही.

म्हणून माझा हिशोब साधा आहे. मशीन तुमचं, एसएसडी आहे, रॅम ८ जीबी तरी आहे, प्रोसेसर सहाव्या-सातव्या पिढीचा आहे आणि दरवर्षी एक सुट्टी त्यात घालवायला तुमची ना नाही, तर खुशाल करा. हार्ड डिस्क आणि ४ जीबी रॅम असेल तर विंडोज ११ चा नाद सोडा, अटीत बसत असलात तरी. कचेरीचं मशीन असेल तर अजिबात नको. उद्या काही झालं तर ‘हे कुणी टाकलं’ या प्रश्नाला उत्तर द्यायला तुम्ही एकटेच उभे असाल. आणि आईबाबांच्या, मामाच्या, शेजारच्या काकूंच्या मशीनवर चकवून विंडोज ११ टाकून ‘झालं बघा’ म्हणणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, पुढच्या आवृत्तीच्या वेळी तुम्ही जाणार आहात का? जाणार नसाल तर त्यांना विंडोज १० चे वाढीव सुरक्षा अपडेट चालू करून द्या. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून नाव नोंदवलं की घरगुती मशीनना ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. तोवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) पेनड्राइव्हवरून, काहीही न पुसता, चालवून दाखवा. ज्यांचं सगळं काम ब्राउझरमध्ये होतं त्यांना फरक फारसा जाणवत नाही. एक्सेलचे मॅक्रो, डिजिटल सहीचा यूएसबी टोकन, एखादा हटवादी प्रिंटर असेल तर मात्र आधी ते चालतं का बघा, मगच विंडोज पुसा.

कॅनालिस या बाजार-संशोधन संस्थेने २०२३ च्या अखेरीस अंदाज दिला होता की विंडोज १० बंद झाल्याने सुमारे २४ कोटी संगणक कचऱ्यात जाऊ शकतात. आणि २०३० पर्यंत कार्बन निगेटिव्ह (सोडतो त्याहून जास्त कार्बन हवेतून काढणारं) होण्याची घोषणा याच मायक्रोसॉफ्टची, २०२० ची. माझा राग टीपीएमवर नाही. नव्या मशीनवर ते सक्तीचं करा, उत्तमच आहे. पण चालत्या मशीनच्या मालकाला ‘तुमच्याकडे हे नाही, त्यामुळे हे हे संरक्षण मिळणार नाही, मान्य आहे का?’ असं विचारून सही घेऊन आत सोडता आलं असतं. २०२१ मधलं ते मदतीचं पान जवळपास हेच करत होतं.

कॉमेंटमध्ये ‘माझ्यावर चालेल का’ विचारणार असाल तर तीन गोष्टी लिहा: प्रोसेसरचं पूर्ण नाव, टीपीएमच्या खिडकीत दिसणारी आवृत्ती, आणि सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये बायोस मोडपुढे काय लिहिलंय ते. नुसतं ‘आय फाइव्ह आहे’ लिहू नका. आय फाइव्ह दुसऱ्या पिढीचाही असतो आणि चौदाव्याही.