रॅक गळतोय? मग घाई अजिबात करू नका

गाडी पंधरा-वीस वर्षांची, डिझेल, पासिंग एमएच १३ म्हणजे आपल्या सोलापूरचं, आणि सकाळी फरशीवर पुढच्या चाकामागे तळहाताएवढा लालसर डाग. म्हणजे बहुधा पॉवर स्टेअरिंगचा रॅक गळतोय. रॅक म्हणजे नळकांड्यात सरकून पुढची चाकं वळवणारा दातेरी दांडा; पंप दाबाने त्यात ऑइल ढकलतो, म्हणून स्टेअरिंग हलकं फिरतं. यात काळजी करण्यासारखं काय आहे? डिझेल गाडी म्हटल्यावर काहीतरी गळणारच. ज्या दिवशी डाग पडणार नाही त्या दिवशी मात्र घाबरा, कारण गळायला वर काही उरलेलं नाही.

घरचे फरशीवरून बोलायला लागले की कुलरच्या खोक्याचा पुठ्ठा खाली सरकवा. ज्या शहरात नळाला पाणी यायची वाट बघत दिवस मोजावे लागतात, तिथे फरशी कोण धुणार? शिवाय थेंब नेमका कुठे पडतोय हे पुठ्ठ्यावर छान उमटतं. तेवढं फक्त बघायचं नाही.

गळती कुठून आहे हे शोधायच्या भानगडीत तर पडूच नका. इंजिनचं ऑइल काळं असतं, पॉवर स्टेअरिंगचं बहुतेक गाड्यांत लाल, हे बोट लावलं तरी कळतं, म्हणून बोट लावू नका. खालची बाजू डिझेलने धुऊन कोरडी पुसायची, इंजिन चालू ठेवून कुणाला तरी स्टेअरिंग इकडून तिकडे फिरवायला सांगायचं आणि टॉर्च मारून ओल कुठे फुटते ते बघायचं, हे दहा मिनिटांचं काम आहे. पण त्यात मोठा धोका असा की वरच्या प्रेशर पाइपच्या जोडातून पाझरलेलं ऑइल ओघळून रॅकवर येतंय आणि रॅक बिचारा निर्दोष आहे, असं निघू शकतं. मग नुसत्या पाइपावर भागेल आणि रॅकचा खर्च करायची संधी हुकेल.

रॅकच्या दोन्ही टोकांना घड्याघड्यांचे रबरी बूट असतात. तेही दाबून बघू नका. आत ऑइल डुचमळलं तर आतलं सील गेलं, इतकं सरळ उत्तर मिळतं की पुढे चर्चेला काही उरत नाही. बूट ओला दिसला तर त्याच्यावर तारेचे चार वेढे आवळा. बऱ्याच रॅकमध्ये दोन्ही बुटांना जोडणारी हवेची बारीक नळी असते; डावीकडे कोंडलेलं ऑइल त्या नळीतून उजवीकडे जातं आणि तिथून गळायला लागतं. म्हणजे एक बाजू बरी झाली, हे खोटं नाही.

आता बॉनेटखालच्या स्टेअरिंग ऑइलच्या डबीत भरायचं काय? झाकणावर लिहिलेलं असतं. बहुतेक जुन्या गाड्यांना एटीएफ, म्हणजे डेक्सरॉन जातीचं लाल ऑइल लागतं, काही युरोपीय गाड्यांना हिरवं सीएचएफ ११एस. पण झाकण पुसून वाचणार कोण? त्यापेक्षा चौकात उभं राहा, कुणीतरी सांगेलच, "ब्रेक ऑइल टाक बे, सील फुगतंय, लीक बंद." आणि ते खरंच बंद होतं! ग्लायकॉलच्या ब्रेक ऑइलमध्ये रॅकची नायट्राइल रबरची सीलं फुगतात, फट बुजते आणि काही दिवस पुठ्ठा कोरडा राहतो. तेवढ्यात सांगणाऱ्याची कीर्ती सात रस्त्यापासून पुणे नाक्यापर्यंत पोचलेली असते. मग फुगलेलं रबर मऊ पडून फाटतं. पंपाचं सील आणि परतीचा पाइपही त्याच ऑइलमध्ये मुरलेले असतात, म्हणून एका सीलच्या जागी रॅक, पंप, पाइप अशी अख्खी वरात काढता येते.

ऑइल न भरताच गाडी चालवायचा बाणेदार मार्गही आहे. पंपाला वेगळं वंगण नसतं, जे ऑइल स्टेअरिंग हलकं करतं तेच पंपाच्या आतली पाती वाचवतं. कोरडा पंप वळणावर विव्हळतो. काचा वर करून गाणी लावा. डिझेल इंजिनचं वजन पुढच्या चाकांवर असतं, त्यामुळे तुळजापूरच्या घाटातल्या वळणांवर खांद्यांना व्यायामही फुकट. दरम्यान गळणारं ऑइल लोअर आर्मच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या, रबरी बुशवर आणि ड्राइव्ह शाफ्टच्या बुटावर पडून तेही रबर फुगवत राहतं. सस्पेन्शनच्या कामाची अशी आगाऊ नोंदणी दुसऱ्या कशाने होत नाही.

एवढं सगळं करूनही रॅक बदलायची वेळ आलीच, तर नवा किंवा जबाबदारीने रिकंडिशन केलेला रॅक घेणं हा उधळेपणा झाला. सील किट आणा. बूट फाटलेला असतो, त्यातून होटगी रोडची धूळ आणि पावसाचं पाणी आत गेलेलं असतं, आणि सील ज्या दांड्यावर घासतं त्या दांड्यावर गंजाचे बारीक खड्डे पडलेले असतात. नख फिरवलं तर अडकतं. असा दांडा नव्या सीलची धार थोड्याच दिवसांत कापतो, म्हणून नख फिरवू नका. पॉलिश पेपर मारा, चकाकला की झालं. सील सरकवताना दांड्याच्या दातांवर प्लास्टिकचा पातळ कागद गुंडाळायचा असतो, नाहीतर दात सीलला चरे पाडतात. तो कागदही वाचवा. पिनियनच्या, म्हणजे स्टेअरिंगबरोबर फिरून रॅक सरकवणाऱ्या दातेरी चक्रीच्या, व्हॉल्व्हवरच्या टेफ्लॉन रिंगा बसवताना ताणल्या जातात, त्यांना बारीक नळकांडं घालून पुन्हा मूळ मापावर दाबून आणावं लागतं. स्क्रूड्रायव्हरने कोंबल्या तरी जातात, तुकडे पडले तर आतच राहतात.

सील किट नको असेल तर भंगारातला रॅक आहेच. पाइपाची भोकं उघडी ठेवून सोलापूरच्या दोन उन्हाळ्यांत पत्र्यावर वाळलेला असला तर उत्तम. आतलं रबर कडक भाकरीसारखं मोडतं, आणि खात्री एकाच गोष्टीची मिळते, ती म्हणजे "लावून बघा".

प्रत्यक्ष कामाला लागताना स्टेअरिंग सरळ करून पट्ट्याने सीटला बांधू नका, बॅटरीची वायरही काढू नका. स्टेअरिंगचा दांडा पिनियनला जिथे जोडलाय तिथे रंगाची खूणही नको. जोड सुटल्यावर चाक मोकळं फिरवायला मजा येते. एअरबॅग असेल तर स्टेअरिंगच्या आतली गुंडाळलेली वायर, म्हणजे स्पायरल केबल, ठरावीक फेऱ्यांपलीकडे गेली की तुटते आणि हॉर्न वाजायचा बंद होतो. नवी पेठेत हॉर्नशिवाय गाडी हाकणं हीही एक साधना आहे.

गाडी जॅकवर घ्या आणि खाली विटा रचा. जॅक स्टँड भाड्याने मिळतात, चाकामागे लाकडी ठोकळे लावता येतात, पण विटा बांधकामावरून फुकट मिळतात. भाजलेली वीट पसरट वजन सोसते, एका बिंदूवर टन-दीड टन आला की आधी न सांगता भुगा होते. अंगावर गाडी आल्यावर मात्र रॅकचं काही वाटत नाही, एवढी सोय त्यात आहे.

टाय रॉड एंड, म्हणजे रॅकला चाकाशी जोडणारा सांधा, काढताना नट सोडा आणि सरळ आट्यांच्या टोकावर हातोडा हाणा. टोक पसरतं, नट परत बसत नाही, नवा एंड घ्यावा लागतो. पुलर लावणं किंवा ज्या कानात एंड बसलाय त्या कानाच्या बाजूवर दोन टोले देऊन कोन सैल करणं हे भित्र्या लोकांचं काम. एंड किती फेऱ्यांत निघाला तेही मोजू नका.

पाइपाचे नट साध्या फिक्स पान्याने सोडा. पंधरा वर्षांच्या उष्णतेने ते घट्ट धरलेले असतात, पाना घसरला की सहा कोपऱ्यांचा गोल होतो, आणि मग व्हाइस ग्रिप, मग गॅस, मग नवा पाइप. फ्लेअर नटचा पाना पाच बाजूंनी पकड घेतो, म्हणून तो कुणाकडे मागायलाही जाऊ नका. बऱ्याच गाड्यांत रॅक काढायला सबफ्रेम, म्हणजे इंजिनखालची लोखंडी चौकट, काही इंच खाली घ्यावी लागते. इंजिनला आधार न देता ती सोडली की इंजिन उरलेल्या माउंटिंगवर लोंबकळतं, आणि रॅकबरोबर माउंटिंगचाही विषय निघतो.

बसवतानाची खरी कला इथे आहे. आधी रॅकचे बोल्ट कचकचून आवळा आणि मग पाइप लावायला घ्या. पाइपाला हलायला जागा उरत नाही, नट तिरका धरतो, आणि पान्याने एक फेरी मारली की ॲल्युमिनियमच्या नव्या रॅकमधले आटे खलास. बोल्ट सैल ठेवून, दोन्ही पाइपांचे पहिले तीन-चार आटे बोटांनी फिरवून मग घट्ट करणाऱ्याला ही मजा कधी कळत नाही. तांब्याचे वॉशर आणि ओ-रिंग जुन्याच वापरा. काही रुपयांत मिळतात म्हणून काय उधळायचं? पूर्ण वळवलेल्या चाकावर पाइपात हजार पीएसआयच्या वर दाब असतो, टायरमधल्या हवेच्या तिसाहून जास्त पट. जुना वॉशर ते सांभाळून घेईल. रॅक मध्यावर आणायला टोकापासून टोकापर्यंतच्या फेऱ्या मोजून निम्म्यावर थांबायचं असतं. न मोजता बसवला की गाडी डावीकडे चार हातांत वळते आणि उजवीकडे वळायला अख्खा भय्या चौक लागतो.

जुन्या पंपातला काळा गाळ आणि धातूचा चुरा नव्या रॅकला लगेच पाजा. परतीचा पाइप काढून बाटलीत सोडायचा, वरून स्वच्छ ऑइल ओतत राहायचं, लाल धार येईपर्यंत, आणि डबीतली बारीक जाळी तपासायची, यात एखादा लिटर ऑइल जादा जातं. ते वाचवा. उरलेलं काळं ऑइल गटारीत ओता, आपल्या गटारींना त्याची सवय आहे.

नव्या रॅकमध्ये आणि पाइपात अडकलेली हवा काढायची पद्धत सोपी. इंजिन सुरू करा, जोरात रेझ करा, स्टेअरिंग टोकाला नेऊन दाबून धरा. पंप किंचाळेल, डबीत गुलाबी फेस येईल, ऑइल तापेल. पुढची चाकं अधांतरी ठेवून, इंजिन बंद असताना स्टेअरिंग सावकाश पंधरा-वीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, मधेमधे डबी भरायची, बुडबुडे थांबले की मगच इंजिन लावायचं आणि टोकावर पाच सेकंदांपेक्षा जास्त धरायचं नाही, असं करणाऱ्यांचा पंप वर्षानुवर्षं टिकतो आणि गॅरेजवाल्याची दिवाळी जाते.

अलाइनमेंट नकोच. एंड मोजून काढला नव्हता, तेव्हा चाकं कुठे बघताहेत हे गाडीलाच ठरवू द्या. होटगी रोडवर दोन-तीन आठवडे फिरलात की टायरवर हात फिरवा, एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने हाताला टोचणारा लागेल. काही शे रुपयांची अलाइनमेंट वाचवून दोन टायर विकत घेतल्याचं समाधान वेगळंच.

शेवटी गाडी विकायला काढा. गिऱ्हाईक यायच्या सकाळी खालची बाजू डिझेलने पुसा, डबी काठोकाठ भरा, पुठ्ठा लपवा. बघणारा सीटवर बसून कव्हर चाचपत असेल आणि स्टीरिओ लावत असेल तर बिनधास्त असा. पण त्याने इंजिन चालू ठेवून स्टेअरिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवलं, वळवलेल्या चाकामागे हात घालून रॅकचा बूट दाबला आणि बोट नाकाला लावलं, तर त्याच्यासाठी चहा मागवा आणि किंमत तो सांगेल ती मान्य करा.