प्रॉपेलर शाफ्ट 'लाइफटाइम सील्ड' आहे म्हणून ग्रीसिंग सोडू नका

पावसाळा तोंडावर आला की फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद देता येणाऱ्या) पिकअपवाल्यांमध्ये एक मेसेज फिरायला लागतो, यंदा तर कितीतरी जणांनी तो मलाच पाठवला. थोडक्यात असा: आजकालच्या गाड्यांचा प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनची ताकद चाकांकडे नेणारा गाडीखालचा फिरता दांडा, लाइफटाइम सील्ड येतो, ग्रीसिंग म्हणजे गॅरेजवाल्यांची पैसे काढायची आयडिया, टू-व्हील ड्राइव्हमध्ये (फक्त मागच्या चाकांच्या ताकदीवर) चालवता ना मग पुढचा शाफ्ट फिरतच नाही, आवाज आलाच तर डब्ल्यूडी-४० मारा, आणि ग्रीस भरायचंच असेल तर कुठलंही भरा आणि भरपूर भरा. लोक हे वाचून खरंच गाडीखाली बघायचं सोडून देतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

सील्ड असतो हे अर्धं खरं आहे. काही गाड्यांना बिना निप्पलचे (निप्पल म्हणजे ग्रीस भरायचं तोंड) क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकाचे वळते सांधे, येतात, तिथे ग्रीस मारायला जागाच नाही, मान्य. पण ती लाइफटाइम त्या क्रॉसची, गाडीची नाही, आतलं ग्रीस सुकलं की क्रॉस बदलावाच लागतो. शिवाय अख्खा शाफ्ट म्हणजे फक्त क्रॉस नाही, सस्पेन्शन वरखाली होताना शाफ्टची लांबी कमीजास्त व्हावी म्हणून स्लिप योक असतो, त्याच्या स्प्लाइन, म्हणजे एकमेकांत बसणाऱ्या उभ्या खाचा, एकमेकांवर घासत सरकतात, त्याला वेगळा निप्पल असू शकतो. आणि गाडी सेकंडहँड असेल तर आधीच्या मालकाने बाजारातला निप्पलवाला क्रॉस बसवलेला असण्याची बरीच शक्यता. त्यामुळे मेसेजवर जाऊ नका, टॉर्च घेऊन खाली बघा आणि गाडीचं मॅन्युअल उघडा.

आता मुंबईत हे जास्त का लागतं ते सांगतो. जून ते सप्टेंबर हिंदमाता नाहीतर अंधेरी सबवे, कुठे ना कुठे गाडी पाण्यात जातेच. चालून चालून गरम झालेला क्रॉस एकदम गार पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि सील जरा जरी थकलेलं असेल तर पाणी आत ओढलं जातं, मग निडल बेअरिंग (क्रॉसच्या चार टोकांवरच्या कपांतले सुईसारखे बारीक रोलर) गंजायला वेळ लागत नाही. म्हणून पाण्यातून गाडी काढली की पुढच्या सर्व्हिसची वाट न बघता ग्रीस मारायचं. आधी निप्पल फडक्याने पुसा, नाहीतर त्यावरची रेती सरळ आत जाते. मग ग्रीस गन हळूहळू दाबा, चारही कपांच्या सीलमधून आधी जुनं काळपट ग्रीस येतं आणि मग नवं. तीन कपांतून आलं आणि चौथा कोरडाच राहिला तर शाफ्ट थोडा फिरवून परत मारा. ग्रीस दुधाळ आलं तर पाणी शिरलंय, स्वच्छ येईपर्यंत थांबू नका. पण कपाभोवती लालसर भुकटी दिसली तर निडल आतून गंजल्यात, मग ग्रीसने काही होत नाही, क्रॉस बदला. तसाच पळवला आणि हायवेला तुटला तर शाफ्ट रस्त्यावर पडतो, मागच्या गाड्यांचाही जीव धोक्यात.

हे सगळं करताना गाडी सपाट जागेवर, चाकांना पुढे-मागे ठोकळे लावून, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच जायचं नाही, कधीच.

पुढचा शाफ्ट फिरतच नाही म्हणे. अहो, ते गाडीवर आहे. पुढे फ्री-व्हील हब (चाक अ‍ॅक्सलपासून सोडवणारे) नसतील आणि अ‍ॅक्सलही डिसकनेक्ट होत नसेल तर इंजिन ताकद देत नसलं तरी रस्त्यावर फिरणारी चाकंच त्या शाफ्टला फिरवत राहतात. आणि जिथे तो खरंच थांबतो तिथे निडल महिनोन्‌महिने एकाच जागी दाबून बसतात, ते तर आणखी वाईट. टोयोटाच्या कितीतरी फोर बाय फोर गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये महिन्याला किमान १६ किलोमीटर फोर-व्हीलमध्ये चालवा असं लिहिलंय ते पुढच्या भागांना ऑइल-ग्रीस मिळावं म्हणूनच. फक्त पार्ट-टाइम सिस्टिम (गरजेपुरतं फोर-व्हील लावायची) कोरड्या डांबरी किंवा काँक्रीट रस्त्यावर लावू नका, सगळी ट्रान्समिशन आवळली जाते, कच्चा किंवा ओला रस्ता बघा.

डब्ल्यूडी-४० चा नेहमीचा स्प्रे पातळ असतो, पाणी हटवायला आणि गंजलेला नट सोडवायला उत्तम, पण क्रॉसवर मारला तर असलेलं ग्रीसही पातळ होऊन वाहून जातं. आवाज दोन दिवस बंद, की लोकांना वाटतं काम झालं.

राहिलं भरपूर आणि कुठलंही. क्रॉसमध्ये जास्तीचं ग्रीस सीलमधून बाहेर येतं, पण स्लिप योकमध्ये बऱ्याचदा त्याला जायला वाट नसते. तिथे ठासून भरलं तर योकला आत सरकायला जागाच उरत नाही, खड्ड्यात मागचा अ‍ॅक्सल वर आला की तो सगळा धक्का ट्रान्सफर केसच्या (पुढच्या आणि मागच्या शाफ्टला ताकद वाटणाऱ्या डब्याच्या) बेअरिंगवर जातो, नाहीतर योकचं टोकाचं झाकण उडतं. एकेक पंप मारायचा, शाफ्ट लांब व्हायला लागतोय असं दिसलं की लगेच हात थांबवायचा. आणि ग्रीस मॅन्युअलमध्ये दिलंय तेच, बऱ्याच गाड्यांना एनएलजीआय २ (ग्रीसच्या घट्टपणाचा नंबर) चं लिथियम ईपी, म्हणजे जास्त दाब सोसणारं, चालतं, काहींच्या स्लिप योकला मॉली (मॉलिब्डेनम डायसल्फाइड) असलेलं सांगतात. लिथियमवर क्लेवालं (मातीच्या घट्टकारकाचं) किंवा पॉलियुरियावालं ग्रीस मारलं तर दोन्ही मिळून पातळ होऊन गळू शकतं, त्यामुळे ब्रँड बदलायचाच असेल तर जुनं पूर्ण बाहेर येईपर्यंत नवं मारा.