हिरव्या झेंड्याच्या त्या मेसेजबद्दल खुलासा

जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एका हिरव्या झेंड्याचा फोटो फिरतोय. खाली मजकूर असा, की स्वीडनची ‘नॉर्डिक रेझिस्टन्स मूव्हमेंट’ संस्कृती जपणारी संघटना आहे आणि तिला भारतीयांबद्दल आदर आहे. हे साफ खोटं आहे.

१९९७ मध्ये सुरू झालेली ही छोटी संघटना उघडउघड नाझी विचार मानते. उत्तर युरोपीय वंशाबाहेरच्या लोकांची परत पाठवणी करा, ही तिच्या जाहीर कार्यक्रमातलीच मागणी आहे. म्हणजे चोपड्याहून, शिरपूरहून तिकडे नोकरीला गेलेली आपली पोरंसुद्धा तिला नकोच आहेत. आदर कसला? झेंड्यावरचं बाणासारखं चिन्हही स्वस्तिक नाही. ती प्राचीन उत्तर युरोपीय लिपीतली खूण आहे.

आणि संघटनेचा हा द्वेष नुसता बोलण्यापुरता नाही. २०१६ मध्ये हेलसिंकीत रेल्वे स्टेशनसमोर तिच्या निदर्शनाला विरोध करणाऱ्या तरुणाला एका कार्यकर्त्याने छातीत लाथ घातली. तो खाली कोसळला, डोक्याला मार बसला आणि काही दिवसांनी दगावला. फिनलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तिथल्या शाखेवर बंदी कायम केली. २०२४ मध्ये अमेरिकेने संघटनेला दहशतवादी ठरवलं.

भाऊ, हा मेसेज कॉलेजची पोरं कौतुकाने पुढे पाठवताहेत, याचं फार वाईट वाटतं. ग्रुप ॲडमिननी तो आजच काढावा.